सात नंबरची म्हातारी

‘थ्री नॉट थ्री’च्या खानदानातली रायफल म्हणजे भंगार, असं तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. मग एका हवालदाराने पाच गोळ्या मारल्या आणि माझा पार पोपट झाला!

‘‘वीकेंडला काय करतोस?’’ या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून ऑफिसातली मंडळी दोन पावलं मागे सरकतात. ट्रेकिंग चालतं, सालसा चालतो, बाइक काढून महाबळेश्वर गाठलं तरी चालतं. ‘शूटिंग’ म्हटलं तरी सुरुवातीला चालून जातं, कारण त्यांना वाटतं कॅमेरा. मग मी म्हणतो, रायफल. आणि बॉस, पुढचा प्रश्न ठरलेला : ‘‘कुठली? एके फोर्टी सेव्हन?’’

नाही हो. क्लबमध्ये आता माझ्या हातात साधी एअर रायफल असते. पण पहिलं प्रेम विचाराल, तर ते माझ्या आजोबांच्या वयाच्या, लाकडी दस्त्याच्या, तेलाने काळ्या पडलेल्या एका लष्करी म्हातारीवर जडलं होतं. आणि कुठलंही खरं प्रेम असतं तसंच, त्याची सुरुवात भांडणाने झाली.

आमचं गाव केदारखेडा. जालन्याहून राजूरच्या गणपतीला हात जोडून भोकरदनच्या रस्त्याला लागलं, की पूर्णेच्या काठी येतं ते. गावात बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं कपाशीत, मक्यात घुसली की आवाज काढायला. बाकी वर्षभर ती काकांच्या कपाटात जुन्या धोतरात गुंडाळलेली. त्यामुळे कॉलेजला जालन्यात आल्यावर एनसीसीत नाव घातलं ते देशभक्तीपेक्षा खरं म्हणजे रायफलीसाठी आणि (आता कबूल करायला हरकत नाही) परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्यासाठी.

२००३ साली कॅम्पला गेलो. फायरिंगच्या दिवशी जमिनीवर ताडपत्री, पुढे वाळूच्या पिशव्या, २५ यार्डांवर कागदी टार्गेट. रायफलींना नंबर दिलेले. आणि कॅम्पमध्ये पोहोचल्यापासून सीनियर्सनी एकच गोष्ट कानात भरलेली : ‘‘काहीपण कर, सात नंबर घेऊ नको. ती डावीकडे मारते.’’

मला कुठली मिळाली असेल?

माशी कुठे शिंकली?

पाच गोळ्या मारल्या. त्या दिवशी पणाला बरंच काही लागलं होतं. थल सैनिक कॅम्पसाठी फायरिंगची टीम निवडायची होती, म्हणजे दिल्ली! टार्गेट आणलं तर पाच भोकं बशीएवढ्या जागेत विखुरलेली, आणि सगळी मधल्या काळ्या ठिपक्याच्या डावीकडे, खाली. मी लगेच सुरू झालो, ‘‘उस्ताद, ही रायफलच तशी आहे. सगळे सांगतात.’’

आमचे उस्ताद म्हणजे लष्करातून शिकवायला आलेले हवालदार. ओरडले नाहीत. तीच रायफल घेतली, ताडपत्रीवर आडवे झाले आणि पाच गोळ्या मारल्या. टार्गेट आणायला मलाच पिटाळलं. पाचही भोकं डावीकडे, खाली. माझ्यासारखीच. फरक एवढाच, की त्यांच्या पाचही भोकांवर पाच रुपयांचं नाणं ठेवलं तर ती झाकली जात होती.

‘‘देख,’’ ते म्हणाले, ‘‘रायफल झूठ नहीं बोल रही. एक ही बात बार बार बोल रही है. तू हर बार अलग बात बोल रहा है.’’

इथे एक गोष्ट कळली, जी नंतर कुठल्याही पुस्तकात इतकी स्वच्छ सापडली नाही. नेम चुकण्याचे प्रकार दोन. एक : गोळ्या एकत्र पडतात, पण भलत्या जागी. दुसरा : गोळ्या एकत्र पडतच नाहीत. पहिला आजार पाच मिनिटांत बरा होतो. दुसऱ्यासाठी रायफल नाहीतर माणूस, कुणाचं तरी पोट उघडून बघावं लागतं. आणि गंमत म्हणजे जवळपास प्रत्येक नवशिका दुसऱ्या आजारावर पहिल्याचं औषध देत बसतो. एक गोळी डावीकडे गेली की साइट हलव, पुढची उजवीकडे गेली की परत हलव. सापशिडी नुसती!

म्हणून फौजेत क्रम पक्का असतो. आधी ग्रुपिंग, मग झिरोइंग. पाच गोळ्या एकाच ठिपक्यावर नेम धरून मारायच्या. त्या कुठे गेल्या याची फिकीर करायची नाही. त्यांचा गठ्ठा किती लहान, तेवढंच बघायचं. गठ्ठा लहान झाला की त्याचा मध्य काढायचा, आणि मग तो मध्य उचलून टार्गेटच्या मध्यावर नेऊन ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी आर्मररने सात नंबरची माशी सरकवली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचं ते छोटं पातं, ज्याच्यावरून आपण नेम धरतो. आता सांगा, गोळी डावीकडे जात असेल तर माशी कुठे सरकवायची? दहातले नऊ जण म्हणतात उजवीकडे. चूक! माशी गोळीच्या मागे न्यायची. गोळी डावीकडे जाते, तर माशीही डावीकडे. मग ती नेमाच्या रेषेत आणण्यासाठी आपण नळी आपोआप उजवीकडे वळवतो. खाली जाणाऱ्या गोळीसाठी बुटकी माशी, वर जाणाऱ्यासाठी उंच. डोळ्याजवळच्या मागच्या साइटचं नेमकं उलटं. ती गोळी जिकडे न्यायची तिकडेच हलवायची. आणि माप तरी किती नाजूक! या रायफलीत दोन साइटमधलं अंतर साधारण अर्धा मीटर. त्यामुळे माशी फक्त १ मिलिमीटर हलली, की २५ यार्डांवर गोळी साडेचार सेंटिमीटर सरकते आणि १०० यार्डांवर जवळजवळ वीतभर.

सात नंबर त्या दुपारी सरळ मारायला लागली. इतकी वर्षं ‘डावीकडे मारते’ म्हणून बदनाम झालेली पोर ती, आणि दोष होता तिच्या चष्म्याचा.

बाईसाहेबांचा बायोडेटा

ही म्हातारी नक्की कोण? तर ली-एनफिल्ड. १८९५ पासून ब्रिटिश आणि पुढे हिंदी फौजांच्या खांद्यावर असलेली .३०३ इंच बोअरची बोल्ट-अॅक्शन रायफल, आपली ‘थ्री नॉट थ्री’. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनत राहिली. १९६२ च्या चीन युद्धानंतर हाच जुना साचा जास्त मजबूत पोलादात घडवून ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी वापरला गेला. आमची सात नंबर म्हणजे त्याच खानदानातली ट्रेनिंगवाली बहीण, ‘नंबर टू, मार्क फोर’. अंगकाठी, वजन, साइट, सगळं थ्री नॉट थ्रीचं. पण पोटातून गोळी सुटते ती छोटीशी पॉइंट टू-टू. म्हणजे पोरांना खऱ्या रायफलीच्या वजनाची सवय व्हावी आणि खांदाही शाबूत राहावा.

थ्री नॉट थ्रीच्या नळीच्या आत पाच आटे, डावीकडे वळणारे, दर दहा इंचांत एक पूर्ण फेरा. हे आटेच गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी देतात आणि फिरणारा भोवरा जसा सरळ उभा राहतो तशी गोळी सरळ जाते. आटे नसले तर काय होतं, याचा पुरावा आमच्याच तालुक्याच्या परिसरात आहे. केदारखेड्याहून भोकरदन ओलांडून पुढे गेलं की असई लागतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्ली केळना नदी ओलांडून शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला. दोन्हीकडच्या पायदळाच्या हातात गुळगुळीत नळीच्या बंदुका. शंभर पावलांपलीकडे एका माणसाचा नेम धरण्यात अर्थच नसायचा. रांगेने उभं राहायचं, रांगेवर गोळ्या झाडायच्या आणि तोफा, घोडदळ, संगिनींच्या भरवशावर लढाई जिंकायची. लहानपणी आम्ही असईला सहलीला जायचो तेव्हा गुरुजी नदी आणि उतार दाखवायचे. बंदुकीच्या नळीबद्दल कुणी बोललं नाही. बोललं असतं तर इतिहासात मला चार मार्क जास्त पडले असते!

चार नंबरचा आजार

सात नंबरची कथा सोपी होती. चार नंबरने मात्र उस्तादांनाही घाम फोडला. त्यांनी मारलेल्या गोळ्याही तळहाताएवढ्या जागेत पसरत होत्या. म्हणजे इथे माणूस निर्दोष, रायफलच बेइमान. मग आर्मररने तिला पोटावर घेतलं आणि आम्ही तिघं-चौघं परेड चुकवून बघत बसलो.

आधी गोळ्या. एकाच खोक्यातल्या, एकाच लॉटच्या. दोन कारखान्यांच्या किंवा दोन सालांच्या गोळ्या मिसळून ग्रुप मारणं म्हणजे वर्गातल्या दोन पोरांच्या मार्कांची सरासरी काढून तिसऱ्याला पास करणं. चार नंबरला तोच लॉट दिला होता, जो सात नंबरला दिला होता. म्हणजे गोळ्या सुटल्या.

मग नळी. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघायचं. आटे धारदार चमकले पाहिजेत, काळे ठिपके नकोत. लष्करातून निवृत्त झालेल्या .३०३ नळ्या आतून खड्डे पडलेल्या निघतात, त्याचं कारण फार मजेशीर आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून गोळी उडाल्यावर एक प्रकारचं मीठ मागे उरायचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि नळी गंजते. शिपाई मन लावून तेल लावायचा, पण मीठ तेलात विरघळतच नाही! ते विरघळतं पाण्यात. म्हणून जाणते शिपाई फायरिंगनंतर नळीतून आधी उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी करायचे, मग तेल. पोलादाला पाणी लावायचं म्हटल्यावर कुणाचाही जीव वर-खाली होईल, पण तेच औषध. पॉइंट टू-टूच्या आधुनिक गोळ्यांत हा त्रास नाही. त्यांचं शिसं आणि मेण मात्र साचतं.

साफसफाईची दुसरी बाजू आणखी वाईट. दोरीला चिंदी बांधून ती नळीतून ओढायची, हा प्रत्येक कॅडेटचा छंद. त्या दोरीला आम्ही ‘पुल थ्रू’ म्हणायचो. ती सरळ ओढली तर ठीक, पण कंटाळलेला पोरगा ती तिरकी ओढतो. वर्षानुवर्षं तिरकी दोरी घासली की नळीचं तोंड एका बाजूने झिजतं, अगदी विहिरीच्या दगडाला दोराची खाच पडते तसं. आणि हे तोंड म्हणजे गोळीचा नळीशी शेवटचा संबंध. तिथे एका बाजूने जरा जास्त गॅस निसटला की गोळी तिकडून ढकलली जाते. शंभर वर्षांच्या रायफलीची मधली नळी थोडी खराब असली तरी चालून जातं, पण तोंड खराब असेल तर खेळ खल्लास. आर्मररने चार नंबरच्या तोंडावरून करंगळी फिरवली, भिंगातून पाहिलं. ठीक होतं.

राहिलं लाकूड. माझ्या मते इथेच खरा मामला आहे. आपण सगळे पोलादाकडे बघतो, पण जुनी रायफल बिघडते ती लाकडात. ली-एनफिल्डची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात झोपलेली असते. गोळी सुटताना नळी थरथरते, वीणेच्या तारेसारखी. दर वेळी सारखीच थरथरली तर गोळी दर वेळी सारखीच जाईल. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जालन्याच्या मे महिन्यात तर दरवाजेसुद्धा चौकटीत खुळखुळतात! लाकूड आज नळीला इथे टेकतं, उद्या तिथे. त्यात भर म्हणजे धक्का झेलणारा लाकडाचा खांदा. गोळी सुटली की रायफलीचं लोखंड मागे येतं आणि लाकडातल्या दोन छोट्या पृष्ठभागांवर आदळतं. तिथे वर्षानुवर्षं तेल मुरून लाकूड पोचट झालं, की लोखंड दर वेळी वेगळ्या जागी बसतं. ऑस्ट्रेलियावाल्यांनी आपल्या मऊ लाकडासाठी तिथे चक्क तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या होत्या.

चार नंबरचं निदान त्या मानाने किरकोळ निघालं. ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू, जो लोखंड आणि लाकूड एकत्र धरून ठेवतो, तो ढिला होता. किती? जेमतेम अर्धा फेरा. उन्हाळ्यात लाकूड आकसलं, स्क्रू तिथेच राहिला. आर्मररने आधी लाकूड नीट बसतंय का पाहिलं, मग स्क्रू आवळला. उस्तादांनी पुन्हा पाच गोळ्या मारल्या. तळहातावरचा गठ्ठा निम्म्यावर आला. अर्ध्या फेऱ्यात! मी आजही ऑफिसात एखादं सॉफ्टवेअर गंडलं की आधी तो स्क्रू शोधतो.

एक मात्र खरं, हे सगळं करून म्हातारी काही ऑलिंपिकची रायफल होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना स्नायपर रायफली हव्या होत्या तेव्हा त्यांनी कुठलीही रायफल घेऊन तासून तासून नेमबाज केली नाही. कारखान्यातून निघालेल्या ली-एनफिल्डमधून ज्या मुळातच गठ्ठा लहान मारतात त्या निवडल्या आणि मग हॉलंड अँड हॉलंड कंपनीकडे दुर्बीण बसवायला पाठवल्या. दुरुस्ती म्हणजे रायफलीला तिच्या मूळ जागी परत आणणं. त्याच्या पुढे फार नाही.

सीएसटी आणि बदनामी

थ्री नॉट थ्रीचं नाव पुरतं खराब झालं ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. सीएसटीवर एके-४७ घेतलेल्या दोघांसमोर आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या आणि या रायफली. आरपीएफचे हेड कॉन्स्टेबल झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली .३०३ घेऊन गोळ्या झाडल्या, हे सगळ्यांनी वाचलंय. त्यानंतर ‘म्हाताऱ्या रायफली’ हा शब्दच शिवीसारखा झाला. रास्तच होता. पण नेमकी चूक कुठे होती, ते आपण कधी नीट बोललो नाही. त्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. समोरच्याला लागत नाही. हा वेगाचा प्रश्न. दुसरा प्रश्न सरावाचा. नेमाचं म्हणाल, तर नीट ठेवलेली .३०३ कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या या टोकाहून त्या टोकाला पुरून उरते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडनंतर तिला निरोप दिला. तिची जागा परेडच्या मैदानातच उरली, हे चांगलंच झालं. मात्र जी बंदूक बदलली तिच्याबरोबर गोळ्या मारायचा सरावही बदलला का, हे विचारायला हवं.

तुम्हाला हवी असेल तर?

विसरा! अमेरिकेतला भाऊ पाचशे-सहाशे डॉलर टाकून एखादी जुनी ली-एनफिल्ड घरी आणतो आणि गॅरेजमध्ये लाकूड तासत बसतो, त्याचे फोटो बघून आपण जळायचं. भारतात .३०३ हा लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्या बंदीमुळेच इशापूरने त्याच अॅक्शनवर .३१५ बोअरची नागरी रायफल काढली. आणि परवान्याची असली तरी घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. ते काम परवानाधारक गनस्मिथचं. विशेषतः चाप हलका करण्याचा मोह! जुन्या लष्करी रायफलीचा चाप दोन टप्प्यांत येतो. पहिला सैल, दुसरा जड. तो जड आहे म्हणून हळू दाबायला शिकायचं असतं, कानशीने घासायचा नसतो. घासलेला चाप रायफल नुसती टेकवतानाही सुटू शकतो.

पण शौक पुरा करायला दारं आहेत. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्यात बालेवाडीची रेंज. एनसीसी तर आहेच. अंजली भागवत मुंबईत कॉलेजात असताना एनसीसीतूनच या खेळात आली आणि २००२ मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ झाली. देशाच्या नॅशनल रायफल असोसिएशनची १९५१ मध्ये मुहूर्तमेढ रोवली तीही एका मराठी माणसाने, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांनी. त्यांच्या नावाची स्पर्धा खेळल्याशिवाय आजही बहुतेक नवे नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते ५० मीटरवर, जिथे दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर असतं. शर्टाच्या बटणाएवढं! त्याची रायफल आणि आमची सात नंबर यांच्यात विमान आणि बैलगाडीचं अंतर आहे. पण तोही सामन्याआधी तेच करतो. गठ्ठा मारतो, मध्य बघतो, साइट फिरवतो.

माझं काय झालं? पुढचे आठ दिवस उस्तादांनी मला गोळी दिलीच नाही. रिकामी रायफल, माशीच्या टोकावर तोल सांभाळून ठेवलेलं नाणं, आणि चाप दाबायचा. नाणं पडलं की पुन्हा. ‘‘मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर,’’ हे तीन शब्द मी झोपेतही बडबडायला लागलो, असं तंबूतले मित्र सांगायचे. शेवटच्या दिवशी सात नंबरनेच पाच गोळ्या मारल्या. बशीचा चहाचा कप झाला. दिल्लीची टीम तोवर लागली होती. त्यात माझं नाव नव्हतं. जे गेले त्यातल्या एकाने जाताना माझ्याकडून तो नाण्याचा सराव शिकून घेतला. मला राग आला होता, पण शिकवला.

उस्तादांचं ते टार्गेट मी केदारखेड्याला नेलं. काकांनी चष्मा लावून पाच भोकं निरखली आणि विचारलं, ‘‘एकच गोळी पाच येळा मारली का रे?’’

पुढच्या वर्षी कॅम्पला गेलो तर सात नंबरसाठी रांग. मला आठ नंबर मिळाली. सीनियर्स हळूच म्हणाले, जपून, ती उजवीकडे मारते.